चोरखिसा

नानांच्या पोराच्या शाळेची सूचना आली ती व्हॉट्सॲपवरच. ‘विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाइल आणू नये. आढळल्यास जप्त केला जाईल, पालक आल्याशिवाय परत मिळणार नाही.’ खाली दोन गुलाब आणि जोडलेले हात. त्याच ग्रुपवर, तिच्या बरोब्बर वर, फळ्याचा फोटो काढून टाकलेला गणिताचा गृहपाठ.

नानांनी तो फोन माझ्या नाकाला लावला. “हाई काय शे भो? अभ्यास फोनवर टाकतस आन् फोन आणू नका म्हणतस!”

आमचा ओटा म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात आबा टेलरच्या दुकानापुढची चार फूट फरशी. समोरून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या गाड्या जातात, त्यामुळे निम्मं बोलणं दोनदा करावं लागतं. माझं कृषी केंद्र शेजारीच. सात वाजता शटर ओढलं की चहा येतो आणि कोणाचं ना कोणाचं भांडण लागतं. त्या दिवशी नाना तापलेलेच आले होते आणि समोर बसले होते सर. सर त्या शाळेचे नाहीत, दुसऱ्या एका हायस्कूलला आहेत, पण मास्तर म्हटला की तो सगळ्या शाळांचा वकील.

“नाना, मागच्या बाकावरचा पोरगा फोन पाहतोय हे मला कसं कळतं माहीत आहे?” सर म्हणाले. “मान खाली, पुस्तक उघडं, पण पान उलटत नाही. आणि पावसाळ्यात लाइट गेली की तोंडावर उजेड खालून पडतो. एकदा फोनमध्ये गेलेलं पोरगं धड्यावर परत यायला वीस मिनिटं लागू शकतात, युनेस्कोच्या 2023च्या अहवालात आहे. माझी तासिका पस्तीस मिनिटांची. हिशोब करा.”

सरांकडे असा मसाला कायम तयार असतो. फ्रान्सनं 2018 मध्ये कायदाच केला, नेदरलँड्सनं 2024 पासून वर्गातून फोन काढले, ब्राझीलनं 2025 मध्ये. मला यातलं एकच पटलं आणि ते त्यांनी शेवटी सांगितलं. इंग्लंडमध्ये 91 शाळांचे निकाल तपासले होते. फोन बंद केल्यावर हुशार पोरांना फारसा फरक पडला नाही, फायदा झाला तो मागं पडणाऱ्यांना. “हुशार पोरगं फोन असला तरी सावरतं हो. बुडतं ते आधीच गटांगळ्या खाणारं.”

“स्वीडनमध्ये तसंच करून पाहिलं, काही फरक दिसला नाही,” पप्पू म्हणाला. पप्पूचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं हे तिथल्या तिथं फोनवर शोधून काढलं होतं. बंदीच्या विरोधात बोलण्यात त्याचा धंदा आहे हे त्याला आम्ही लगेच ऐकवलं. पण गडी हटला नाही. “पुस्तकांवर क्यूआर कोड छापले कोणी? अभ्यासाचं ते सरकारी दीक्षा ॲप काढलं कोणी? मी काढलं का? कोरोनात तुम्हीच घरोघर सांगत फिरले ना, पोराला स्मार्टफोन घ्या म्हणून? माझ्याकडं लोकांनी बकरी विकून फोन घेतले सर.”

हे खरं आहे. मी स्वतः दोन जणांना बियाण्याची उधारी पुढच्या हंगामावर ढकलू दिली होती, कारण पैसे फोनला गेले होते.

सर जरा नरमले. म्हणाले, मग तो फोन अभ्यासाला किती लागतो तेही बघा. ‘असर’ म्हणून शिक्षणाची देशभर पाहणी होते, तिची 2024ची पाहणी खेड्यापाड्यांतली आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या पोरांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं. आणि सोशल मीडिया? 76 टक्के.

“आन् मास्तर लोकं किती टक्के?” नानांनी विचारलं.

सर हसले, पण त्यांना लागलं. पोषण आहाराची माहिती रोज फोनवरच भरावी लागते, वरून कधी कुठल्या फोटोची मागणी येईल सांगता येत नाही. खिचडी शिजली याचा पुरावा द्यायला फोन काढला तरी पोरांना वाटतं सर रील पाहताहेत.

मग नानांनी खरं दुखणं काढलं. गेल्या वर्षी नववीतला पोरगा त्यांचाच फोन दप्तरात टाकून शाळेत घेऊन गेला. घरात स्मार्टफोन एकच. दुसऱ्या तासाला तो जप्त झाला आणि कपाटात गेला. त्याच दिवशी नानांच्या केळीबागेची कापणी ठरलेली. व्यापाऱ्याची गाडी फाट्यावर, कापणाऱ्यांची टोळी गाडीत, आणि फोन कपाटात वाजतोय. सतरा मिस्ड कॉल. नाना बागेत घड मोजत उभे. दुपारी गाडी दुसऱ्याच्या बागेवर गेली, आणि पुढच्या चार दिवसांत बऱ्हाणपूरचा भाव उतरला. “शाळानी पोऱ्याना फोन नही धरा भो, मना धंदा धरा,” असं नाना म्हणतात. हा किस्सा आम्ही दहा वेळा तरी ऐकलाय आणि दर वेळी भाव आणखी थोडा उतरतो. पण मुद्दा खोटा नाही. कायदे करणाऱ्यांच्या डोक्यात फोन पोराचा असतो. आमच्याकडे तो घराचा असतो.

शिवाय नानांची मुलगी. अकरावीला आहे, सातपुड्याकडच्या गावाहून एसटीनं येते. पास फुकट आहे, बस मात्र तिच्या मर्जीनं येते. पाचची गाडी साडेसहाला लागते, कधी लागतच नाही. “पोर ‘बसनी’ म्हणीसन फोन करस, तवय मना जीव भांडाम्हा पडस. तो फोनबी जप्त करा?”

यावर सर लगेच म्हणाले, तिला कोण अडवतंय? आणि इथं मलाही बोलावंसं वाटलं, कारण भांडण ज्यावर चाललं होतं त्यावर भांडण नव्हतंच. वर्गात फोन नको, हे नानांनाही मान्य होतं. पप्पूनंसुद्धा शेवटी कबूल केलं की त्याच्या पोरीच्या शाळेत फोन चालत नाही म्हणून त्याला बरंच वाटतं. प्रश्न सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फोन राहील कुठं एवढाच. दिल्ली उच्च न्यायालयानंही 2025 मध्ये साधारण हेच सांगितलं: सरसकट बंदी नको, वर्गात वापर नको, आणि जमत असेल तिथं शाळेनं फोन जमा करून घ्यावेत. ‘जमत असेल तिथं’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत.

“साठ पोरं, चाळीस फोन,” सर म्हणाले. “एकेक बारा-पंधरा हजारांचा. काच आधीच फुटलेली होती की कपाटात फुटली? भरून कोण देणार, मी? आमच्या हेडमास्तरांना कपाटाच्या किल्लीसाठी अर्ज करावा लागतो.”

इतका वेळ आबा टेलर आत काज करत होता. शाळेचे गणवेश शिवून त्याचं निम्मं घर चालतं. तो सुई तोंडात धरूनच म्हणाला, “सर, तुमच्या बंदीवर मी दर वर्षी वीस-वीस रुपये कमावतो.”

कोणाला काही कळेना.

जूनमध्ये बाप येतो, पोराच्या पँटचं माप देतो, पैसे ठरवून जातो. अर्ध्या तासानं पोरगा एकटाच परत येतो. “आबा, आतून एक खिसा.” पट्ट्याच्या खाली, डाव्या अंगाला, वरून हात फिरवला तरी लागू नये असा. आबानं ड्रॉवरमधून वही काढली. बटणाच्या फोनच्या काळात साडेचार बाय सव्वादोन. मग सहा बाय तीन. आता साडेसात बाय चार. त्यासाठी पँट कंबरेला बोटभर सैल ठेवावी लागते, आणि बापाला वाटतं टेलर बिघडला.

नाना एकदम गप्प झाले. “मना पोऱ्यानबी शिवेल शे का?”

आबानं वही मिटली. गिऱ्हाइकाचं गुपित तो फोडत नाही.

सर मात्र वेगळ्याच विचारात होते. चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी विचारलं, एक जाड कापडाचा पडदा शिवून मिळेल का, भिंतीला टांगायचा. त्यावर हजेरी क्रमांकाचे साठ खिसे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे कपाटही नको आणि किल्लीही नको. पोरगी पाच वाजता आपला उचलून स्टँडवर जाईल.

“आन् मना फोन आला तर?” नाना.

“खिशाबाहेर वरचा भाग दिसेल. वाजला तर मी उचलीन आणि गाडी तुमच्या बागेकडं पाठवीन.”

पप्पूनं लगेच आपला फोन पुढं केला, घे म्हणाला माप, हा सगळ्यांत मोठा आहे.

“राहू दे,” आबा म्हणाला आणि टेप गळ्यातच ठेवून कापड काढायला उठला. “माप आहे माझ्याकडं.”