तांबूला हाक ऐकू येते, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

तांबूच्या गोष्टीच्या सहाव्या भागावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तर लांबलं, म्हणून स्वतंत्रच टाकते आहे. ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं एक अडत दुकान आहे आणि तिथं तांबू नावाची मांजर ऑफिस असिस्टंट आहे. ती फोन घेते, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या करते, व्यापाऱ्यांशी बोलते, आणि तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्षावर आणि स्वतःला आवरण्यावर ताबा ठेवणं लहानपणापासूनच अवघड जातं. ती मांजर असल्याचं दुकानात कुणाला नवल वाटत नाही. इतकी हुशार बाई वजनाची चिठ्ठी रोज कुठं हरवते, याचं मात्र सगळ्यांना वाटतं.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. मांजराचं रूप देऊन मी एका आजाराला गोंडस केलं. कऱ्हाडला तुम्ही तीसेक वर्षं शिकवलंत तेव्हा असलं काही नव्हतं, हे मोबाइलनंतरचं खूळ आहे. सहाव्या भागात तांबू सलग चार तास बसून जुन्या हमालीच्या हिशेबातला घोळ शोधून काढते, मग तिला लक्ष देता येत नाही असं म्हणायचं कसं? कामचुकारांना यातून आयती सबब मिळते. आणि असा समजूतदार शेठ यार्डात दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. शेवटची ओळ नातवाबद्दलची आहे. तिच्याकडं शेवटी येते.

त्या चार तासांचा आक्षेप सगळ्यात मोलाचा, कारण एडीएचडी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो कधी ना कधी ऐकावा लागतो. 'क्रिकेट बघताना बरं लक्ष लागतं!' हे वाक्य किती घरांत बोललं जात असेल. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही. ते कुठं लावायचं आणि कुठून काढून घ्यायचं, हे ठरवण्यावरचा ताबा कमजोर असतो. ठरवलेलं मनात धरून ठेवणं, मधे येणारं बाजूला सारणं, किती वेळ गेला याचा अंदाज घेणं, सुरू केलेलं थांबवणं, ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडं असतात आणि तिथंच अडचण येते. डोपामिन या रसायनाचा यात वाटा आहे. त्यामुळं जे काम आवडीचं, नवं किंवा अगदी गळ्याशी आलेलं, त्याला लक्ष असं चिकटतं की सुटत नाही. जे काम महत्त्वाचं पण कंटाळवाणं, त्यावर ते बसतच नाही. काम महत्त्वाचं आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, आणि खरी यातना तीच आहे.

जुन्या हमालीचा घोळ तांबूला कोड्यासारखा दिसला. म्हणून ती चार तास हलली नाही. पण त्याच भागात पुढं काय होतं ते पुन्हा वाचा. कर्नाटकातून हळद घेऊन आलेला शेतकरी पट्टीसाठी बाकावर बसून राहतो आणि त्याची परतीची गाडी चुकते. फोन वाजून वाजून बंद होतो. तिचा स्वतःचा डबा तसाच राहतो. ते चार तास मी तिचं कर्तृत्व म्हणून लिहिलेले नाहीत, दोष म्हणूनही नाहीत. तिथून उठणं तिच्या हातात नव्हतं, एवढंच मला दाखवायचं होतं.

मांजर का, याचं उत्तर इथंच आहे. बिळाच्या तोंडाशी मांजर कितीही वेळ दबा धरून बसतं. ते बघून 'मग हे बोलावल्यावरही असंच बसलं पाहिजे' असं कुणी म्हणत नाही. त्याचा तो पिंड आहे, हे आपण लहानपणीच मान्य केलेलं असतं. माणसाला ही सवलत आपण देत नाही. तांबूच्या जागी मी पंचविशीतली मुलगी उभी केली असती, तर दुसऱ्याच परिच्छेदात वाचकानं तिला निष्काळजी ठरवलं असतं. त्या निकालाच्या आधीची थोडी जागा मला हवी होती. चिमणी बाळाला तीट लावते आणि कावळा दाराबाहेर भिजत उभा राहतो, हे ऐकत आपण वाढलो. चिमणीला दार कुठून आलं, असं कुणी विचारलं नाही.

मांजर घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे कान. जपानमध्ये आत्सुको साईतो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पाळीव मांजरांना अनोळखी माणसांच्या आणि मालकाच्या हाका ऐकवल्या होत्या. 2013 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मालकाचा आवाज मांजरांना ओळखू येत होता. कान आणि डोकं हलायचं, पण उठून जवळ यायची नाहीत. मांजरांना एडीएचडी असतो असं मी म्हणत नाही, तसा दावा मूर्खपणाचा होईल. पण हाक पोहोचली आहे, कान वळला आहे आणि शरीर मात्र जागचं हललेलं नाही, हे चित्र मिळाल्यावर मला तांबू सापडली. शेठ हाक मारतात, तिचा कान वळतो, ती 'हो' म्हणते, आणि त्याच वेळी काट्यावरच्या हमालाची आरोळी, ट्रकचा हॉर्न, प्रिंटरची खरखर, शेजारच्या गाळ्यातला भावावरून चाललेला वाद, सगळं एकाच मोठेपणानं आत येतं. माणसाच्या तिपटीहून वरचे स्वर मांजराला ऐकू येतात. माझ्या या नायिकेला कुठलाच आवाज मागं ढकलता येत नाही.

आता गोंडसपणाबद्दल. तिसऱ्या भागात तांबू शेठना खोटं सांगते की इंटरनेट बंद होतं, आणि रविवारी गुपचूप येऊन दिवसभर तुंबलेल्या पट्ट्या करते. ते लिहिताना माझा जीव जड झाला होता. विसरणं एकवेळ परवडतं. विसरण्याची लाज लपवण्यात माणसाची जी ताकद जाते, ती कुणाला दिसत नाही. उशिरा निदान झालेली मोठी माणसं याबद्दलच सगळ्यात जास्त बोलतात.

'आमच्या वेळी नव्हतं' यावर मात्र मी ठाम आहे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरानं लक्ष न टिकण्याचं वर्णन 1798 मध्ये लिहून ठेवलंय. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती 1902 मध्ये. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, म्हणजे कृष्णेवर तो पूल बांधला जाण्याच्याही आधीची ही गोष्ट. मोबाइलमुळं लक्ष विस्कटतं हे खरं, ते तुमचं-माझंही विस्कटतं. पण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत तो 70 ते 80 टक्के दिसतो. शिवाय मोठ्या वयात निदान करतानाही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का आणि ती एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे तपासतात. काल फोन घेतला आणि आज एडीएचडी झाला, असं त्यात बसत नाही.

जगभरच्या अभ्यासांवरून मुलांमधलं प्रमाण साधारण 5 टक्के धरलं जातं. चाळीस मुलांच्या वर्गात दोन. तुमच्या प्रत्येक वर्गात अशी दोन मुलं असावीत. त्यातला एखादा मुलगा तुम्हाला आठवतही असेल, बाकावरून सतत उठणारा, उत्तर पूर्ण व्हायच्या आत दुसरं बोलणारा. दुसरी कदाचित मुलगी होती, खिडकीशी बसलेली, कुणाला त्रास न देणारी, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारी. प्रगतिपुस्तकावर तिला 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा मिळाला असेल. एडीएचडीचा एक प्रकार असा शांत असतो आणि मुलींमध्ये तो सहज निसटतो, कारण वर्ग बिघडत नाही. तांबू बाई आहे ती याचसाठी.

गोळी घेऊन ती बरी का होत नाही, असंही तुम्ही विचारलंत. चौथ्या भागात ती मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडं जाते आणि औषध सुरू होतं. मिथाइलफेनिडेट अनेकांना चांगलं लागू पडतं, आपल्याकडं ते कडक नियमांखाली, चिठ्ठीवरच मिळतं. पण त्याचा अंमल काही तासांचा. तेवढ्या वेळात बसणं सोपं होतं; चिठ्ठ्या कुठं ठेवायच्या हे गोळी शिकवत नाही.

म्हणून शेठ. तो तुम्हाला खोटा वाटला, कारण तुम्ही त्याला दयाळू समजलात. तो व्यापारी आहे. हळकुंड आणि गड्डा यांचे भाव एका ओळीत उलटे पडले होते, ते दुकानातल्या कुणालाच दिसलं नाही, तांबूला दिसलं. अशी नजर जाऊ द्यायची नाही, एवढा त्याचा हिशेब साधा आहे. त्यानं केलं तरी काय? तोंडी सांगणं बंद करून कामं फळ्यावर लिहायला लागला. वजनाच्या चिठ्ठ्या खणात जायच्या त्या आता तिच्या डोळ्यांसमोर तारेला लागतात, कारण तांबूच्या बाबतीत जे दिसत नाही ते उरत नाही. संध्याकाळपर्यंत 'सगळ्या पट्ट्या कर' म्हणण्याऐवजी पाच पट्ट्या, मग चहा, मग पुढच्या पाच. आणि दत्तूमामा हमाल काटा संपल्यावर तिच्या शेजारी नुसते टेकतात. ते काही बोलत नाहीत, तपासत नाहीत. शेजारी कुणी असलं की काम सुरू करता येतं, हा अनुभव एडीएचडी असलेली पुष्कळ माणसं सांगतात. यातल्या कशालाच फारसा खर्च नाही.

हे सगळं शेठच्या मर्जीवर का सोडलं, असं कुणी विचारलं असतं तर मी जास्त अडचणीत आले असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडीची वेगळी नोंद नाही. तेव्हा आज तांबूसारखीला फळा आणि तार मिळते ती समोरच्याच्या समजुतीवर. हे मला फार खुपतं.

सबबीचं म्हणाल, तर गाडी चुकलेल्या त्या शेतकऱ्याची माफी तांबूच मागते. त्याच्या मुक्कामाचे पैसेही तिच्याच पगारातून जातात. कारण कळलं म्हणून तिची जबाबदारी मी कुठंच काढून घेतलेली नाही.

आता नातू. 'माझा नातूही असाच, एक चपराक दिली की जागेवर येतो,' असं तुम्ही लिहिलंत. गुरुजी, तो जागेवर येतो याबद्दल मला शंका नाही. भीतीनं शरीर थांबतं. पण पाचव्या मिनिटाला गणितात काय चाललंय ते मनात धरून ठेवायला चपराक मदत करत नाही. तो एवढंच शिकतो की भीती वाटल्याशिवाय आपल्याकडून काम होत नाही. तांबू तिशीत 31 मार्चच्या रात्रीशिवाय एकही काम संपवू शकत नाही, ती अशीच घडली आहे. पहिल्या भागातली तिची आजी तिला मायेपोटीच मारायची.

नातवाला एडीएचडी आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही चपराकेवरून ठरवू नका. नजर, कान आणि झोप आधी तपासून घ्या. कमी ऐकू येणारं किंवा अर्धवट झोपलेलं मूलही असंच वागतं. मग बालरोगतज्ज्ञांकडून मनोविकारतज्ज्ञांकडं जा. घरात आणि शाळेत तो कुठं अडकतो आणि कुठं रमतो, हे दोन-तीन आठवडे वहीत टिपून न्या. डॉक्टर नेमकं हेच विचारतात, आणि आयुष्यभर मुलं बघितलेल्या माणसाइतक्या चांगल्या नोंदी दुसरं कोण करणार? कुठून सुरुवात करावी ते सुचलं नाही तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

मालिका बंद करा, असं तुम्ही सुचवलंत. ते मी करणार नाही. सातव्या भागात तांबूला पहिल्यांदाच एकटीनं सौदा सांभाळायचा आहे, शेठ लग्नाला आटपाडीला गेलेत. वाचा आणि पटलं नाही तर पुन्हा लिहा. नातवाच्या नोंदींचं काय झालं, तेही कळवा.