बाई? बजेटात बसत नाही!

तर तुम्ही मोठी व्हिडिओ गेम कंपनी काढलीय. अभिनंदन! ट्रेलर दाखवून झाला की कुणीतरी हमखास विचारणार, ‘यात बाई का नाही?’ ‘आम्हाला नको होती’ असं चुकूनही म्हणू नका. ‘फार इच्छा होती हो, पण काम दुप्पट झालं असतं,’ असं म्हणा. २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने हेच केलं. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या मारेकऱ्यांच्या गेममध्ये चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चौघेही बाप्ये. बाई घ्यायची तर ८,००० हून जास्त ॲनिमेशन्स नव्याने करावी लागतील, असं सांगितलं गेलं. आकडा असा दणदणीत हवा. फक्त जुन्या ॲनिमेटर मंडळींना तेवढं सांभाळा. मालिकेच्या आधीच्या भागावर काम केलेल्या जोनाथन कूपर यांनी ट्विटरवर सांगून टाकलं, की हे एक-दोन दिवसांचं काम आहे.

गेम फ्रेंच राज्यक्रांतीतला, बरं का. १७९३ मध्ये मारा नावाच्या पुढाऱ्याला त्याच्याच बाथटबमध्ये सुऱ्याने भोसकणारी शार्लोट कॉर्दे, म्हणजे त्या क्रांतीतली सगळ्यात गाजलेली मारेकरी, बाईच होती! पण तिला कुठे बजेट पास करून घ्यायचं होतं? एवढी बचत करून गेम बाजारात आला, तर काही पात्रांच्या चेहऱ्यांवरची कातडीच गायब. नुसते डोळे, दात आणि केस तरंगताहेत. खेळायला नायिका नव्हती म्हणून निदान तिची तरी शोभा झाली नाही.

बाई टाळताच येत नसेल, तर जोडीला भाऊ द्या. याच मालिकेतल्या ‘ऑडिसी’त (२०१८) कसांड्रा किंवा अलेक्सिओस, हवं ते निवडा. ब्लूमबर्गच्या २०२० मधल्या बातमीनुसार टीमला एकट्या कसांड्राचा गेम करायचा होता, पण ‘बायका खपत नाहीत’ म्हणून वरून नकार आला. मग कव्हरवर कोण? अलेक्सिओस. खपेल कशी मग ती?

निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीकडून चिकाटी शिका. ‘लेजंड ऑफ झेल्डा’ १९८६ पासून चालू आहे, पण आपल्याकडच्या सरपंचबाईंसारखं नाव राजकन्या झेल्डाचं आणि कारभार लिंक या नायकाचा. मुख्य मालिकेत बाईसाहेबांना स्वतःचा गेम मिळाला तो २०२४ मध्ये. घाई असेल तर निन्टेन्डोच्याच पीचचा कित्ता गिरवा, म्हणजे एरवी मारिओ जिला सोडवतो त्या राजकन्येचा. २००५ च्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये ती एकदाची मारिओला सोडवायला निघाली. हातात छत्री, आणि अस्त्र म्हणून? मूड! रडली की डोळ्यांतून धारा, त्यावर रोपं वाढतात आणि आग विझते. चिडली की अंगातून ज्वाळा. खूश झाली की हवेत उडते. हे ज्या बैठकीत ठरलं, तिथे बायका किती होत्या, असले प्रश्न विचारायचे नसतात.

एक धोका मात्र आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. नायिका मुलगी, गेमला नावही तिचंच, आणि सोडवायचंय ते भावाला. हे परवडत नाही, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलंच नाही. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. तुमच्या कव्हरवर कुठला दाढीवाला उभा करायचा, ते आधी ठरवा.