शुगर आहे म्हणून गुडघा बदलायचा नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

दादर-परळकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. थोडक्यात असा: मधुमेह असेल तर गुडघ्याचं ऑपरेशन करूच नये, जखम चिघळते, पाय कापावा लागतो. करायचंच असेल तर आठ दिवस गोड बंद करून शुगर खाली आणा. बाकीचं अँटिबायोटिक बघून घेतं आणि टाके निघाले की धोका संपला.

गुडघे बदललेल्यांकडून घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. हा मेसेज वाचून काही जण घाबरून घरी बसतात, तर काही नको तिथे निर्धास्त होतात.

‘करूच नये.’ मधुमेहात संसर्गाचा धोका वाढतो, हे खरंच. पण किती? एरवी शंभरात साधारण एक-दोघांच्या नव्या सांध्याला संसर्ग होतो. मधुमेहींमध्ये त्याच्या दीडपट ते दुप्पट धरा. म्हणजे बहुतेकांचं नीट पार पडतं. शिवाय सगळे मधुमेही एका माळेचे मणी नाहीत. साखर सतत चढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम भरायला वेळ लागतो. आटोक्यात असली तर गोष्ट वेगळी. आणि दुखऱ्या गुडघ्याने चालणं बंद झालं की शुगर आणखी वर जाते, ते मेसेजवाला सांगत नाही.

‘पाय कापावा लागतो.’ फार क्वचित. संसर्ग लवकर कळला तर सांधा उघडून धुतात, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलतात. उशीर झाला तर बहुधा सांधा काढून काही आठवडे अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट ठेवतात, मग दुसरा सांधा बसवतात. हेही सोपं नाहीच.

‘आठ दिवस गोड बंद.’ मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. आठ दिवसांत उपाशीपोटीची शुगर 110 वर आणता येईलही, पण एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. ती साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, आणि ढकलू द्यावी. गुडघा काही पळून जात नाही. तेवढ्यात गोळ्या-इन्सुलिनची घडी नीट बसते. हा आकडाही कधी फसवतो: थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा एक आनुवंशिक दोष) असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर चुकीचा येऊ शकतो. तेव्हा डॉक्टर फ्रुक्टोसामीन ही दुसरी रक्ततपासणी करायला सांगतात, ती दोन-तीन आठवड्यांचं चित्र दाखवते.

आणि आपल्या मनाने उपास तर नकोच. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवतात. ती घेत उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

‘अँटिबायोटिक बघून घेतं.’ पहिला डोस बहुधा चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात, तो हवाच. पण जंतू एकदा धातूला चिकटून थर करून बसले की औषध तिथे पुरेसं पोचत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आगेमागे साखर 180 च्या आत ठेवायची धडपड असते. ऑपरेशनच्या ताणाने ती आपसूक चढते, उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडनेही चढते. आणि घरी आल्यावर? परवा एका पेशंट काकूंच्या उशाशी स्टीलचा डबा दिसला. ‘‘काकू, हे काय?’’ ‘‘डिंकाचे लाडू गं, हाडं भरून यायला.’’ गूळ घातलेले, दिवसाला दोन! त्यापेक्षा अंडं, उसळ, पनीर खा, जखमेला प्रथिनं लागतात.

‘टाके निघाले की संपलं.’ नाही. दात, लघवी किंवा पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून वर्षांनंतरही सांध्यात जाऊ शकतात. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून चालून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय बधिर असेल तर कळतही नाही. रोज रात्री बेचक्या कोरड्या करून बघा, दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

गुडघा अचानक लाल, गरम झाला, सुजला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून परस्पर सुरू करू नका. कुठला जंतू आहे ते बघायला सांध्यातलं पाणी काढून तपासतात. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू असूनही रिपोर्टमध्ये काहीच सापडत नाही, असं होऊ शकतं.