आहेत, टाकीत मासे आहेत!

नेरूळच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात ते शेवाळ खायला. चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ चोचीने गाळायचं आणि त्यातल्याच रंगद्रव्यांनी गुलाबी व्हायचं. ते बघायला लोक लाखालाखाच्या लेन्स गळ्यात अडकवून पहाटे उठतात. तेवढंच गडद शेवाळ माझ्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत, एसीत बसून बघता येतं, तर पाहुणे विचारतात, "यात मासे आहेत का हो?"

आहेत. गप्पी आहेत, मॉली आहेत. हाक मारली तर काचेजवळही येतात.

शेवाळाला पाणी लागतं, उजेड लागतो आणि नायट्रेट-फॉस्फेटचा खुराक लागतो. पाणी काढून घ्यायची सोय नाही. उजेडाचा बंदोबस्त मी केला: टाकी गॅलरीच्या उन्हातून आत ओढली, दिव्याला टायमर लावला, रोज आठ तासांच्या वर मिनिटभरसुद्धा नाही. राहता राहिला खुराक. तो खुराक म्हणजे आमची आई.

मासा तोंडाची उघडमीट करतो म्हणजे तो उपाशी आहे, असं तिचं ठाम मत. ती श्वास घ्यायची पद्धत आहे, तोंडातून घेतलेलं पाणी कल्ल्यांवरून जातं, हे मी चित्र काढून दाखवलं. "तूही लहानपणी असाच आ वासायचास. तेव्हा मी काय चित्रं काढत बसले होते?" देवघराकडे जाताना एक चिमूट, येताना एक चिमूट. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यांचा अमोनिया होतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. ते शेवाळाच्या पोटात. तिच्या हातचं खाऊन आजवर कुणी वाळलेलं नाही, शेवाळ तरी कसं वाळेल?

सोसायटीतल्या काकांचा सल्ला एकच: "सगळं पाणी फेकून दे, दगड नळाखाली खसाखसा धू." म्हणजे नळाच्या क्लोरीनने अमोनिया पचवणारे जिवाणू आधी मरणार. त्यापेक्षा आठवड्याला पाव टाकी पाणी बदललेलं बरं. त्यासाठी, क्लोरीन उडून जावा म्हणून, न्हाणीघरात आदल्या दिवशीपासून बादली भरून ठेवावी लागते, आणि नेमक्या त्याच बादलीतून घरातल्या प्रत्येकाला अंघोळ करायची असते.

मग दुकानदाराने सकर मासा गळ्यात मारला. "टाकी चाटूनपुसून साफ करतो, साहेब." तेव्हा बोटाएवढा होता. वाढला की फूटभर होतो, शेवाळावरची वासना उडते आणि घाण मात्र सगळ्यांपेक्षा जास्त करतो, हे दुकानात कोण सांगणार? त्याला तळ्यात सोडायचंही काकांनी सुचवलं. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या तळ्यात सुटला तर इथल्या माशांच्या मुळावर येईल. त्यामुळे मुक्काम इथेच.

आता आई त्याला काकडीच्या चकत्या सोडते. "रोज तेच हिरवं खाऊन कंटाळला असेल बिचारा." तो जेवत असतो, मी चुंबकाच्या ब्रशने काच घासत असतो, आणि आई सोफ्यावरून सांगते, "डावीकडे कोपऱ्यात राहिलंय बघ."