पांढरी गच्ची म्हणे!

नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, वरच्या मजल्यावर राहून बघा आणि मग मला कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या गच्चीचं कौतुक सांगा. रात्री अकराला पंखा लावला की तो स्लॅबची सगळी धग गोळा करून थेट अंगावर सोडतो. कुलरचा तर निव्वळ आवाज. आणि ही काही साधी गच्ची नाही बरं का, सोसायटीने घरटी वर्गणी काढून पांढरी करून घेतलेली गच्ची आहे! खाली गळती थांबवायला डांबरी शीट म्हणजे मेम्ब्रेन, वर ऊन परतवायला पांढरा कोट. पहिल्या उन्हाळ्यात वर गेलं की डोळे दिपायचे. आता जाऊन बघा. फरशी पुसायचं जुनं फडकं तरी जरा उजळ असेल.

यात काय होतं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून मीच सांगते. नवा, चांगला पांढरा कोट जवळपास 80 टक्के ऊन परत पाठवतो. धूळ-काजळी बसून तोच काही वर्षांत 60 वर आला, तर ऐकायला वाटतं, चला, वीसच तर गेले. अहो, हिशेब उलटा करा ना! आधी छत 20 टक्के ऊन पीत होतं, आता 40 पितंय. दुप्पट! रंग जरासा मळला आणि छतात मुरणारं ऊन दुप्पट झालं. वरच्या मजल्यावरच्याने हे सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणणार, "दिसतंय तर पांढरंच की." उघड्या डांबरापेक्षा बरं आहे, मान्य. उघडं काळं मेम्ब्रेन जेमतेम 5 टक्के परतवतं आणि भर उन्हात 70 अंशांच्या वर तापतं. पण पैसे आम्ही 'डांबरापेक्षा बरं' याचे नव्हते भरले.

आता काम कसं झालं तेही ऐका. मे संपत आला की सगळ्या सोसायट्यांना एकदम गच्ची आठवते, म्हणजे कंत्राटदाराला दम घ्यायला वेळ नाही. डांबरातलं हलकं तेल उन्हाने वर येतं आणि पांढऱ्या कोटावर पिवळे-तपकिरी चट्टे उमटतात. ते अडवणारा वेगळा प्रायमर मिळतो, आधी तो मारायचा असतो. मेम्ब्रेन नवं असेल तर रंग लावण्याआधी काही आठवडे ते उन्हात तसंच राहू द्यायचं असतं. आमच्याकडे आज बर्नरने शीट चिकटवली आणि उद्या रोलर फिरवला, तोही पाणी घालघालून. डब्यावर जी जाडी लिहिली आहे तिच्या अर्धा थर बसला असेल तर नशीब. त्यात संध्याकाळी वळवाची सर आली आणि न सुकलेला कोट पांढरं पाणी होऊन पाइपातून पार्किंगमध्ये उतरला. पुढे चट्टे दाखवले तर कंत्राटदार म्हणतो, "मॅडम, धूळ आहे ती." धूळ तेलकट असते का रे भाऊ?

बरं, धूळ नाही असंही नाही. रस्ता सिमेंटचा झाला, मग तोच फोडून पाइपलाइन टाकली, मग पुन्हा सिमेंट. वाऱ्याची दिशा बदलली की औष्णिक वीज केंद्राची राख. कबुतरांबद्दल मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. हे सगळं पावसाने धुऊन जाईल असं वाटतं ना? नाही जात. हे ॲक्रिलिक कोट मुद्दाम लवचीक बनवलेले असतात, नाहीतर स्लॅब फुगला-आकसला की तडकतील. पण लवचीक म्हणजे मऊ, आणि आमच्या उन्हात मऊ म्हणजे चिकट. बसलेली धूळ उठतच नाही. सिलिकोनचा कोट घ्या, तो साचलेल्या पाण्याला पुरून उरतो, पण धूळ तोही सोडत नाही. उतार नीट दिलेला नसेल तर डबकं साचतं, डबक्यात शेवाळ धरतं, पावसाळा संपला की ते वाळून काळा पापुद्रा होतो. भर उन्हाळ्यातही आमच्या गच्चीवर शेवाळ आहे, कारण एका महाशयांचा डक्ट कुलर वर बसवलेला आहे आणि त्याचं बोअरचं खारं पाणी दिवसरात्र झिरपतं. सांगायला गेलं तर, "कुलर आहे, पाणी तर सांडणारच."

आणि माणसं! संक्रांतीला अख्खी बिल्डिंग वर, पतंग, मांजा, स्पीकर, बूट घालून धावणारी पोरं. उन्हाळ्यात कुरडया-पापडांसाठी खाटा ओढतात, रात्री झोपायला गाद्या. दिवाळीत भुईचक्रं तिथेच, त्यांचे काळे गोल अजून मोजता येतात. केबलवाला तर स्क्रू मारायला जागा दिसेल तिथे ड्रिल लावतो, खाली मेम्ब्रेन आहे हे त्याच्या गावीही नसतं. गच्चीवर येऊ नका असं मी म्हणत नाही, नागपुरात गच्ची नाही तर उन्हाळा कसा काढायचा? पण मग वावरायच्या गच्चीवर हा नाजूक कोट विकला कोणी? माझं मत विचाराल तर जुनी चायना मोझॅकच बरी होती. जड असते, सांधे काळे पडतात, कबूल. पण पाण्याचा पाइप आणि खराटा फिरवला की पांढऱ्या टाइलचे तुकडे परत पांढरे.

या कोटालाही धुणं लागतंच की. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, पावसाळ्यानंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा. गेलेली चमक सगळी नाही, पण बरीच परत येते. ते करायचं कोणी? लिफ्टचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) आहे, पंपाचं आहे, जनरेटरचं आहे. गच्ची धुवायचं नाव काढलं की खजिनदारांचा चेहरा पडतो. एकदा फारच आरडाओरडा केला तर तारेचा ब्रश आणि ॲसिड देऊन माणूस वर पाठवला! डाग गेले, कोटही गेला. वॉरंटी काढून वाचली तर ती फक्त गळतीची. रंग मळणे, पिवळा पडणे, शेवाळ धरणे यात समाविष्ट नाही. आणि खाली बारीक अक्षरात, नियमित स्वच्छता न ठेवल्यास वॉरंटी रद्द. वा!

हे सगळं कोणालाच माहीत नसतं तर मी गप्प बसले असते. अमेरिकेत कूल रूफ रेटिंग कौन्सिल नमुने तीन वर्षं ॲरिझोना, फ्लोरिडा आणि ओहायोच्या उघड्या हवेत ठेवते आणि मग जुन्या झालेल्या कोटाचा आकडा छापते. तिथल्याच लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने तर माती, काजळी, क्षार यांचं मिश्रण फवारून तोच मळ काही दिवसांत चढवायची पद्धत काढली. कॅलिफोर्नियाचा नियम व्यापारी इमारतींच्या सपाट छताला 0.63, म्हणजे 63 टक्के ऊन परतवणं, मागतो, तेही तीन वर्षांनंतरचं. आपल्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने 0.60 मागितलं, तेही सुरुवातीचं! लावल्या दिवशीचं! आणि तीही व्यापारी इमारतींसाठी, आमच्यासारख्या सोसायटीला तेवढंही बंधन नव्हतं.

परवा कमिटीपुढे नवं कोटेशन आलं. ठळक अक्षरात 'एसआरआय 108', म्हणजे उन्हात छत किती थंड राहतं त्याचा निर्देशांक. आधीचा मळ धुण्याची ओळच नाही, म्हणजे राखेवरच रंग. मी विचारलं, हा आकडा तीन वर्षांनी किती राहील, तेवढं लिहून द्या. त्या माणसाने अगदी प्रेमाने सांगितलं, "मॅडम, तीन वर्षांनी तर आपण परत करूनच देऊ ना."