ब्लर मारून दातेरी कडा जात नाहीत

‘पायथनच्या पिलो या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये काढलेल्या वर्तुळाच्या कडा दातेरी आल्या तर शेवटी हलका गॉशियन ब्लर मारा (म्हणजे चित्र थोडं धूसर करा), नाहीतर चौपट मोठं काढून लहान करा, लहान करण्याचा फिल्टर कुठलाही चालतो’ हा सल्ला भरपूर फिरतो. त्यातला पहिला भाग चुकीचा आहे, दुसरा अर्धवट.

आधी ब्लर. पिलोचा आकार काढणारा भाग, इमेजड्रॉ, वर्तुळ किंवा बहुभुज काढताना पिक्सेल एकतर पूर्ण रंगवतो, नाहीतर पूर्ण सोडतो. कड त्या पिक्सेलमधून नेमकी कुठून गेली, ही माहिती तिथेच हरवते. ब्लर ती परत आणू शकत नाही, तो फक्त पायऱ्या पसरवतो. शिवाय १ त्रिज्येच्या ब्लरने एक पिक्सेल जाडीच्या रेषेचा उठाव जेमतेम ४० टक्के उरतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर तर लाल वर्तुळाला काळपट झालर येते. कारण तिथले पिक्सेल (०, ०, ०, ०), म्हणजे लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता हे चारही चॅनल शून्य, मुळात काळे, आणि ब्लर प्रत्येक चॅनल स्वतंत्रपणे मिसळतो.

चौपट काढून लहान करणं योग्यच, पण ‘कुठलाही फिल्टर’ साफ चूक. निअरेस्ट हा फिल्टर १६ पिक्सेलांतला एकच उचलतो, म्हणून दाते जसेच्या तसे राहतात. बॉक्स सोळांची सरासरी काढतो, त्यामुळे कडेला १७ छटा मिळतात, लँक्झॉसही चालतो. आणि चित्र ‘१’ (फक्त काळं-पांढरं) किंवा ‘पी’ (ठरावीक रंगांची यादी) मोडमध्ये असेल तर तुम्ही काहीही सांगा, पिलो गुपचूप निअरेस्टच वापरतं! बरेच जण इथेच अडकतात.

म्हणून ‘एल’ (करड्या छटांच्या) मोडमध्ये चौपट मास्क, म्हणजे रंग कुठे किती लागेल ते सांगणारं चित्र, घ्या, त्यात २५५ने (पूर्ण पांढऱ्याने) आकार भरा, बॉक्सने लहान करा आणि त्या मास्कमधून रंग पेस्ट करा. पारदर्शक चित्र हवं असेल तर मात्र पेस्ट नको, झालर परत येईल. सगळीकडे तोच रंग भरलेलं चित्र घेऊन मास्क पुटअल्फाने, म्हणजे अपारदर्शकतेचा चॅनल म्हणून, लावा.

‘सगळे आकडे चारने गुणा’ हेही पुरेसं नाही. रेषेची जाडी गुणायचीच, पण आकार कुठून कुठपर्यंत ते सांगणाऱ्या पिलोच्या चौकटीत शेवटचा पिक्सेल धरलेला असतो. १० ते ५० म्हणजे ४१ पिक्सेल. चौपटीत ४० ते २०० नाही, ४० ते २०३ हवं. सूत्र: (शेवट + १) × ४ − १. एरवी वर्तुळ किंचित लहान होतं.

मेमरी १६ पट लागते. १९२० × १०८०चं आरजीबीए (चार चॅनलचं) चित्र ८ एमबीवरून सुमारे १३३ एमबीवर जातं. एकाच चॅनलचा मास्क ३३ एमबीत भागतो, आणि तोही आकाराच्या चौकटीपुरताच पुरतो. ट्रूटाइप फॉन्टमधला मजकूर या फेऱ्यात घालू नका. त्याच्या कडा पिलो आधीच मऊ काढतं. तो शेवटी, मूळ आकाराच्या चित्रावर लिहा.