गायरानावर पॅनेल बसवताना विचारायचं कुणाला?

"गायरान पडीकच होतं. तिथं पॅनेल बसले तर बिघडलं कुठं?" वायरमनभाऊ एवढं बोलले आणि शेळ्यावाल्या आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पडीक म्हणणाऱ्यानं आषाढात येऊन बघावं. अख्ख्या गावाची जनावरं तिथं असत्यात."

विषय शेजारच्या गावाचा होता. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारायची जी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिच्यासाठी गायरानाची मोजणी करायला माणसं आली आणि तिथं शेळ्या चारणाऱ्या बायकांनी, वर्षानुवर्षं तुकडा कसणाऱ्या भूमिहीनांनी ती अडवली. पोलीस आले, मोजणी लांबली. एसटी स्टँडसमोरच्या आमच्या कट्ट्यावर दोन दिवस तेच चाललंय.

वायरमनभाऊ अडून बसले, आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. "रात्री एकला थ्री फेज येते. माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. साप, बिबट्या, ओल्या हातानं स्टार्टर. फीडर, म्हणजे शेतीची लाईन, सोलरवर गेला की दिवसा लाईट. आता एक-एक महिना उशीर म्हणजे आणखी तेवढ्या रात्री शेतात, हे मोजणी अडवणाऱ्यांना कोण सांगणार?"

ते खरंच आहे. सौर प्रकल्प नकोच, असं कट्ट्यावर कुणाचंच म्हणणं नाही. दिवसा वीज मिळाली पाहिजे, लवकर मिळाली पाहिजे. मला टोचतं ते इतकंच, की जागा आधी ठरते आणि गावाला नंतर कळतं.

मास्तर म्हणाले, "नंतर कसं? ग्रामसभेचा ठराव आहे ना. लोकांनी यायचं नाही आणि मग ओरडायचं, हे बरं नव्हे."

"मास्तर, ती सभा कुठली होती? तहकूब," मी म्हटलं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही. मग पंचवीस-तीस सह्यांवर गायरान २५ वर्षांसाठी द्यायचा निर्णय होतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. सरपण आणि चारा गायरानातून आणतात त्या बायकाच, पण तो विषय त्यांच्यापुढे मांडल्याचं कुणाला आठवत नाही. औष्णिक वीज प्रकल्प असता तर पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी झाली असती. सौर प्रकल्पाला ती मंजुरीच लागत नाही, म्हणून सुनावणीही नाही. धूर निघत नाही हे कबूल, पण जमीन तर लागतेच.

पुण्याला नोकरी करणारा पुतण्या सुट्टीवर आलाय. त्यानं मोबाईलवर हिशेब मांडला. मेगावॅटला चार एकर धरा, पाच मेगावॅटला वीस एकर, म्हणजे साधारण आठ हेक्टर. खासगी जमीन असती तर योजनेतच हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, वर ३ टक्के वाढ. वर्षाचे १० लाख झाले. वाढ सोडून दिली तरी २५ वर्षांत अडीच कोटी. गायरान दिलं की सरकार जमीन नाममात्र भाड्यानं देतं आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. एकूण १५ लाख.

"आणि शेळीवाल्याला?" आप्पांनी विचारलं. पुतण्या गप्प बसला.

मग त्यानं डेन्मार्कचं काढलं. कोपनहेगनजवळ मिडलग्रुंडेनला समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यातली निम्मी मालकी साडेआठ हजारांच्या आसपास सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. "आपण साखर कारखाने काढले, मग वीज का नाही?"

"मुळा-प्रवरा विसरलास काय?" मास्तर उसळले. "नगर जिल्ह्यात चार दशकं सहकारी वीज संस्था चालली. शेवटी थकबाकीचा डोंगर, आणि २०११ ला सगळं महावितरणकडे गेलं."

मास्तरांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. नुसतं सहकाराचं नाव लावून कारभार चोख होत नाही. पण ती संस्था बाहेरून वीज विकत घेऊन वाटायची. इथं गावातच वीज तयार होऊन विकली जाणार आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडीत २०१६ पासून शेतकऱ्यांची मंडळी सौरपंपाची उरलेली वीज विकते. मास्तरांना हे पटलं नाही. "मूठभर शेतकऱ्यांचं आख्ख्या गावाला लागू होत नसतं," म्हणाले.

माझ्या लेखी त्याहून अवघड प्रश्न कसणाऱ्यांचा आहे. मराठवाड्यात गायरान कसणारे बहुतेक दलित, भटके, भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्याच पोटाचा होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा, तरी कित्येकांच्या हातात अजून सातबारा नाही. कागदावर माणूसच नसेल तर भरपाई कुणाला देणार आणि संमती कुणाची घेणार? म्हणून जागा ठरण्याआधी गायरानावर कोण काय करतं याची नावानिशी यादी झाली पाहिजे, तीही तलाठ्यानं कचेरीत बसून नव्हे, आप्पांसारख्यांना बरोबर घेऊन.

"म्हणजे आणखी सहा महिने गेले," वायरमनभाऊ म्हणाले.

"मोजणी अडली, पोलीस आले, त्यात किती गेले?" आप्पा म्हणाले.

भाऊ जरा वेळ बोलले नाहीत. मग हॉटेलवाल्याकडून जुनं कॅलेंडर मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर सबस्टेशन काढलं, त्यातून निघणाऱ्या लाईनी काढल्या. ओढ्यापलीकडची मुरमाड पट्टी, पाझर तलावाखालचं दगडाचं रान, आणि मुंबईला गेलेल्या एका घराची दहा वर्षं न पेरलेली जमीन. तिन्ही सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत, तिन्ही खासगी. "भाडं मिळतंय म्हटल्यावर देतील. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही."

१ मेच्या ग्रामसभेत हा नकाशा मांडायचा असं ठरलंय. मास्तर म्हणतात, ते विरोधात बोलणार. बोलावंच त्यांनी, पण तहकूब होऊ न देता, भरल्या सभेत.